दाणा भरताना हिरवी राहणारी ज्वारी आणि तिच्या जनुकांचा ठावठिकाणा

जानेवारी संपत आला की मंगळवेढा-बार्शीच्या काळ्या रानात रब्बी ज्वारी दाणे भरत असते. वरून पाण्याचा थेंब नसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरताना जमिनीत जी ओल होती, तिच्यावरच सगळा हंगाम काढायचा. एखाद्या रानात खालून वर पानं भराभर करपत जातात, दाणा पोचट राहतो, खडखड्या रोग लागला की ताट आतून पोकळ होतं आणि वाऱ्याच्या झुळकीनं आडवं पडतं. बांधापलीकडे, त्याच आठवड्यात पेरलेल्या दुसऱ्या वाणाची वरची चार-पाच पानं मात्र दाणा पक्का होईपर्यंत हिरवीगार.

दोन्हीकडची जमीन, ओल, मशागत सारखी असेल तर फरक बियाण्यातला, हे कुणीही सांगेल. पण बियाण्यात कुठे? ज्वारीत गुणसूत्रांच्या दहा जोड्या असतात. तिचा संपूर्ण जनुकसंच २००९ साली वाचून झाला. तो डीएनएच्या साधारण ७३ कोटी अक्षरांचा निघाला आणि त्यात तीस हजारांच्या आसपास जनुकं आहेत. यातली नेमकी कोणती जनुकं पान हिरवं ठेवतात, हे शोधायचं कसं?

शाळेत शिकलेला मेंडेल इथे फारसा कामाला येत नाही. त्याचे वाटाणे उंच तरी होते किंवा बुटके तरी, मधलं काही नव्हतं. शेतकऱ्याला ज्या गुणांशी देणंघेणं असतं ते असे दोन पेटीत बसत नाहीत. दाण्याचं वजन, फुलोऱ्याला लागणारे दिवस, मुळांची खोली, दुष्काळात तग धरणं, या सगळ्यांत थोडं कमी, थोडं जास्त अशी सलग रांग लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावरून शास्त्रज्ञांत जोराचं भांडण होतं. एक गट म्हणे, मेंडेलचे नियम अशा गुणांना लागूच पडत नाहीत. स्वीडनच्या निल्सन-एहले यांनी १९०९ मध्ये गव्हाच्या दाण्याच्या लाल रंगावर काम करून दाखवलं की दोन-तीन जनुकं एकाच गुणावर थोडा थोडा परिणाम करत असतील, तर रंगाच्या छटा आपोआप तयार होतात. १९१८ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी गणितानं तो वाद जवळपास मिटवला. जनुकं मेंडेलच्याच नियमानं चालतात, फक्त ती पुष्कळ असतात आणि त्यात हवामान, जमीन यांची भर पडते.

वाद मिटला, पण जनुकं कुठे बसली आहेत हे कळायचा मार्ग त्यातून मिळाला नाही. तो दाखवला कार्ल सॅक्स यांनी, १९२३ मध्ये, साध्या घेवड्यावर. त्यांनी रंगीत बियांचा आणि पांढऱ्या बियांचा घेवडा यांचा संकर केला आणि पुढच्या पिढीतल्या झाडांच्या बिया तोलल्या. रंगाचं जनुक दोन्हीकडून मिळालेल्या झाडांची बी सरासरी ३०.७ सेंटिग्रॅम भरली, एकाच बाजूनं मिळालेल्यांची २८.३, आणि ते अजिबात नसलेल्यांची २६.४. आता, रंगामुळे बी जड होते असं मानायचं कारण नाही. रंगाच्या जनुकाच्या आसपास, त्याच गुणसूत्रावर, वजन वाढवणारं काहीतरी आहे आणि ते रंगासोबत पुढच्या पिढीत जातं, हा त्यामागचा तर्क. आजही या शास्त्राचा सगळा डोलारा याच एका तर्कावर उभा आहे. पुढच्या शंभर वर्षांत वाढली ती यंत्रं, संगणक आणि झाडांची संख्या.

तर्क नीट समजून घेऊ, कारण तो कळला की बाकीचं सोपं आहे. दोन वाणांचा संकर केला की संततीकडे जनुकं सुटी सुटी येत नाहीत, तुकड्यांनी येतात. परागकण आणि बीजांडातल्या पेशी तयार होताना जोडीतली दोन गुणसूत्रं एकमेकांशी काही ठिकाणी अदलाबदल करतात. पण ही अदलाबदल एका गुणसूत्रावर जेमतेम एक-दोन जागी होते. म्हणून जवळजवळ बसलेली जनुकं बहुतेक वेळा एकत्रच पुढे जातात, लांब असलेली सुटी होतात. एखाद्या जागेवरची खूण आपल्याला ओळखता येत असेल, तर त्या खुणेच्या आजूबाजूचा सगळा तुकडा कोणत्या वाणाकडून आला हे न बघताही कळतं.

सॅक्स यांच्याकडे खूण होती बीच्या रंगाची. अशा डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणा कोणत्याही पिकात मोजक्याच असतात, म्हणून त्यांच्यानंतर साठ वर्षं हे काम रखडलं. १९८० मध्ये डेव्हिड बॉटस्टीन आणि सहकाऱ्यांनी सुचवलं की डीएनएमधले फरकच खूण म्हणून वापरावेत. सगळ्या गुणसूत्रांवर ठरावीक अंतरानं अशा खुणा रोवता येतात. शास्त्रज्ञ त्यांना मार्कर म्हणतात आणि आता मराठी कृषी विद्यापीठांतही तोच शब्द रुळला आहे. १९८८ मध्ये अमेरिकेत पॅटर्सन, टँक्सली, लँडर आणि इतरांनी टोमॅटोच्या जवळपास संपूर्ण जनुकसंचावर मार्कर लावून फळाचं वजन ठरवणाऱ्या किमान सहा जागा दाखवल्या, फळातल्या विद्राव्य घन पदार्थांच्या चार आणि आंबटपणाच्या पाच. अशा जागेला क्यूटीएल म्हणतात. मोजता येणाऱ्या गुणावर परिणाम करणारी गुणसूत्रावरची जागा, एवढाच त्याचा अर्थ.

आता ज्वारीकडे परत येऊ. हिरवेपणा टिकवणाऱ्या जागा ज्या संकरातून सापडल्या, त्यात एक बाजू होती बी-३५ ही ओळ. ओळ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एकसारखंच निघणारं बियाणं. तिचं मूळ इथिओपियातल्या एका पारंपरिक ज्वारीत आहे. आपल्या मालदांडीसारखीच ती दुर्रा या ज्वारीच्या गटातली. अमेरिकेत टेक्सासमध्ये ती पैदास कार्यक्रमात आली आणि दुष्काळात हिरवी राहणारी म्हणून नावाजली. दुसरी बाजू होती टीएक्स-७००० ही लवकर करपणारी ओळ.

दोन्हींचा संकर केला. त्याच्या पुढच्या पिढीत प्रत्येक झाड वेगळं निघतं, कारण प्रत्येकाच्या वाट्याला दोन्हीकडचे वेगळे तुकडे आलेले असतात. अडचण अशी की ज्वारीचं एक झाड एकदाच मोजता येतं. ते वाळलं की संपलं. त्याच्या बिया पेरल्या तर पुन्हा नवीनच मिश्रण. यावर उपाय म्हणून प्रत्येक झाडाचं कणीस फुलोऱ्याआधी कागदी पिशवीत बांधतात, बाहेरचा परागकण येऊ देत नाहीत आणि त्याचं बी पुढच्या वर्षी लावतात. असं सहा-आठ पिढ्या चाललं की त्या ओळीत बदल होणं जवळपास थांबतं. शेवटी दीड-दोनशे ओळी हातात राहतात. प्रत्येक ओळ म्हणजे दोन जनकांच्या तुकड्यांची एक ठरलेली गोधडी, जी सोलापूरलाही पेरता येते आणि टेक्सासलाही, या वर्षीही आणि पाच वर्षांनीही. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात कुणाचं नाव होत नाही, आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून असतं.

मग दोन याद्या तयार होतात. एका यादीत प्रत्येक ओळीच्या प्रत्येक मार्करच्या जागी बी-३५ चा तुकडा आहे की टीएक्स-७००० चा. दुसऱ्या यादीत त्याच ओळी शेतात किती हिरव्या राहिल्या त्याचं मोजमाप. समजा २०० ओळी आहेत. तिसऱ्या गुणसूत्रावरच्या एका मार्करपाशी निम्म्या ओळींकडे बी-३५ चा तुकडा आहे आणि निम्म्यांकडे दुसऱ्याचा. पहिल्या शंभरांत फुलोऱ्यानंतर तीस दिवसांनी सरासरी ४६ टक्के पान हिरवं, दुसऱ्या शंभरांत ३४ टक्के. म्हणजे त्या मार्करच्या शेजारी काहीतरी आहे. सातव्या गुणसूत्रावरच्या मार्करपाशी तीच वाटणी केली तर ४०.५ आणि ३९.५. तिथे काही नाही. (हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत.) असं प्रत्येक मार्करपाशी करत जायचं. सगळी पद्धत शेवटी एवढीच आहे, दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना.

अर्थात शेकडो जागी तुलना केली की काही ठिकाणी निव्वळ योगायोगानंही फरक दिसणार. म्हणून लँडर आणि बॉटस्टीन यांनी १९८९ मध्ये दोन मार्करांच्या मधल्या जागाही तपासता येतील अशी पद्धत बसवली आणि लॉड नावाचा गुणांक क्यूटीएलच्या कामात आणला. लॉड ३ म्हणजे 'इथे जनुक आहे' हे गृहीत धरलं तर आपल्याला दिसलेले आकडे येण्याची शक्यता, 'इथे काही नाही' हे धरण्यापेक्षा हजारपट जास्त. मला त्याहून जास्त आवडते ती १९९४ साली चर्चिल आणि डोर्ज यांनी सुचवलेली युक्ती, कारण ती समजायला गणित लागत नाही. हिरवेपणाची यादी घ्यायची आणि ओळींसमोरचे आकडे मुद्दाम विस्कटून कुणाचे कुणालाही लावायचे. आता खरा संबंध उरलाच नाही. तरीही सगळ्यात मोठा लॉड किती येतो ते बघायचं. हे हजार वेळा करायचं. खऱ्या यादीचा लॉड या हजारांतल्या साडेनऊशेंहून वर असेल, तरच त्याकडे लक्ष द्यायचं.

बी-३५ च्या संकरांतून २००० च्या आसपास चार मोठ्या जागा पक्क्या झाल्या. त्यांना एसटीजी-१ ते एसटीजी-४ अशी नावं आहेत, 'स्टे-ग्रीन' म्हणजे हिरवं राहणं यावरून. पहिल्या दोन तिसऱ्या गुणसूत्रावर, तिसरी दुसऱ्यावर, चौथी पाचव्यावर. चारही मिळून ओळींमधल्या हिरवेपणाच्या फरकाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग समजावून देतात. दुष्काळासारख्या गुणासाठी हे बरंच आहे.

पण जागा सापडली म्हणजे जनुक सापडलं नाही. दोनशे ओळींतून जे कळतं ते शिवार, गट नंबर नव्हे. अदलाबदल कमी वेळा होते म्हणून तुकडे लांब असतात आणि त्या लांब तुकड्यात शंभर-दोनशे जनुकं सहज मावतात. त्यातलं नेमकं कोणतं, हे कळायला हजारो झाडं तपासून त्या छोट्या भागातच अदलाबदल झालेली दुर्मीळ झाडं शोधावी लागतात. टोमॅटोच्या फळाचं वजन ठरवणारी एक मोठी जागा १९८० च्या दशकात दिसली होती. तिच्यातलं जनुक हाती आलं २०००मध्ये. ओडिशातल्या पारंपरिक भातापासून निघालेल्या एफआर-१३ए या वाणात पुराच्या पाण्याखाली दहा-पंधरा दिवस तग धरणारी जागा १९९६ मध्ये नवव्या गुणसूत्रावर नोंदली गेली, जनुक २००६ मध्ये सापडलं आणि स्वर्णा-सब१ हा वाण भारतात २००९ मध्ये आला. हे या शास्त्राचं सगळ्यात गाजलेलं यश. पण ते फसवंही आहे. पुरात तगण्याच्या गुणावर त्या एकाच जागेची छाप जबरदस्त होती. असं नशीब दर वेळी मिळत नाही, आणि वर्तमानपत्रात 'दुष्काळाचं जनुक सापडलं' असा मथळा दिसला की मी बातमी शेवटपर्यंत वाचतो, कारण खरी गोष्ट बहुधा शेवटच्या परिच्छेदात असते.

मक्यात तर उलट चित्र निघालं. एडवर्ड बकलर यांच्या गटानं एका वाणाचा २५ वेगवेगळ्या वाणांशी संकर करून सुमारे पाच हजार ओळी तयार केल्या आणि २००९ मध्ये फुलोऱ्याच्या दिवसांचा नकाशा छापला. त्यासाठी जवळजवळ दहा लाख झाडं पाहिली गेली. मोठा परिणाम करणारी एकही जागा निघाली नाही. लहान लहान परिणामांच्या पुष्कळ जागा, एवढंच.

आणखी एक सापळा विल्यम बीव्हिस यांनी दाखवला. शंभरच ओळींवर प्रयोग केला तर ज्या जागा लॉडचा ठरवलेला उंबरठा ओलांडतात त्यांचा परिणाम हमखास फुगलेला दिसतो, कारण योगायोगानं जोर मिळालेल्या जागाच उंबरठा ओलांडू शकतात. ओळी हजाराच्या घरात नेल्या की फुगवटा जवळपास नाहीसा होतो. जुन्या शोधनिबंधांत 'या जागेमुळे ४० टक्के फरक' असं वाचलं आणि ओळी ऐंशी-नव्वद होत्या, तर तो आकडा थोडा पाणी घालूनच घ्यावा.

आता ज्या भागाबद्दल लिहिताना लोक घाई करतात तो, म्हणजे मोजमाप. डीएनए वाचणं आज स्वस्त झालं आहे. पानाचा तुकडा पाकिटात घालून प्रयोगशाळेत पाठवला की हजारो मार्करांची यादी मिळते. दुसरी यादी, म्हणजे शेतातली, अजूनही माणसानं वाकून, उन्हात उभं राहूनच करावी लागते. आणि चुका तिथेच होतात.

ज्वारीचा हिरवेपणा बऱ्याच ठिकाणी एक ते पाच असे गुण देऊन मोजतात. एक म्हणजे जवळपास सगळं हिरवं, पाच म्हणजे सगळं वाळलेलं. आता समजा २० जानेवारीला सगळ्या ओळींना एकदाच गुण दिले. ज्या ओळी दहा दिवस उशिरा निसवल्या, म्हणजे ज्यांची कणसं उशिरा बाहेर पडली, त्यांच्यात दाणा अजून भरतोच आहे, म्हणून त्या हिरव्या दिसणार. लवकर निसवलेल्या ओळी पक्व होत आल्या, म्हणून पिवळ्या. नकाशावर ठळक जागा उमटेल, लॉडही झकास येईल, आणि ती जागा फुलोऱ्याच्या वेळेची असेल. हिरवेपणाशी तिचा काही संबंध नसेल. म्हणून प्रत्येक ओळ तिच्या स्वतःच्या फुलोऱ्यापासून दिवस मोजून तपासावी लागते, आणि निसवण्यात फार पुढे-मागे असलेल्या ओळी हिशेबातून वेगळ्या काढाव्या लागतात. त्यात जानेवारीत एक अवकाळी सर आली की शेतकऱ्याला बरं वाटतं, प्रयोगाचं मात्र वर्ष गेलं. ओल मिळाल्यावर करपणाऱ्या ओळीही हिरव्या राहतात आणि ओळींतला फरकच पुसला जातो.

मोजमाप खोलात नेलं की गुणच बदललेला दिसतो. हिरवेपणाच्या बाबतीत हे फार सुंदर घडलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये अँड्र्यू बोरेल आणि सहकाऱ्यांनी एसटीजी जागा एकेक करून असलेल्या, बाकी जवळपास सारख्या ओळी तपासल्या. २०१४ च्या सुमारास आलेला निष्कर्ष असा की या जागांचं मुख्य काम दाणा भरण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. अशा झाडांना फुटवे कमी येतात, वरची पानं आकारानं लहान राहतात. पानांचा एकूण पसारा कमी, म्हणून फुलोऱ्यापूर्वी पाणी कमी खर्च होतं. जमिनीत शिल्लक राहिलेली ती ओल दाणे भरताना वापरायला मिळते आणि पानं हिरवी राहतात. म्हणजे ज्याला आपण जानेवारीतला गुण समजत होतो, तो नोव्हेंबरातच ठरलेला असतो. फुटवे आणि पानांची वाढ ऑक्झिन या संप्रेरकाच्या वाटणीवर अवलंबून असते, म्हणून या जागांत ऑक्झिन वाहून नेणाऱ्या पिन कुळातल्या जनुकांवर सध्या संशयाची सुई आहे.

रब्बीतल्या शेतकऱ्याला हे लगेच पटेल. ज्वारी फार दाट पेरली की पुढे ती लवकर करपते, हे त्याला माहीत असतं. विरळणी करतात ती त्याचसाठी.

हैदराबादजवळ पटनचेरू इथल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत व्हिन्सेंट वडेझ यांच्या गटानं हे पाणी प्रत्यक्ष तोलून पाहिलं. दोन मीटर उंचीच्या, मातीनं भरलेल्या नळ्या जमिनीतल्या खंदकात ओळीनं उभ्या केल्या. प्रत्येक नळीत ज्वारीचं झाड, मुळांना शेतातल्यासारखी खोली आणि जागा. ठरावीक दिवसांनी नळी साखळीनं उचलून वजन करायचं. मातीवरून वाफ जाऊ नये अशी सोय केलेली असते, त्यामुळे वजन जेवढं घटलं तेवढं पाणी झाडानं प्यायलं. फुलोऱ्याआधी किती, नंतर किती, हा हिशेब प्रत्येक झाडाचा स्वतंत्र मिळतो.

याच संस्थेत बी-३५ चे एसटीजी तुकडे दोन वेगळ्या वाणांत उतरवले होते. एक एस-३५, जो कॅमेरून आणि चाडमध्ये लावला जातो, आणि दुसरा आर-१६ हा रब्बीचा भारतीय वाण. उतरवणं म्हणजे संकर करून मार्करच्या मदतीनं हवा तो तुकडा असलेली रोपं निवडायची, मूळ वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करत बाकीचं बी-३५ काढून टाकायचं आणि तेवढा एक तुकडा ठेवायचा. २०११ मध्ये निकाल आले तेव्हा गंमत झाली. एसटीजी-१ मुळे एस-३५ जमिनीतून जास्त पाणी ओढू लागला, आर-१६ मध्ये मात्र तसा काही परिणाम नाही. एसटीजी-१ आणि एसटीजी-३ मुळे एस-३५ चे फुटवे आणि पानं घटली, आर-१६ ची घटली नाहीत. तुकडा तोच, पण ज्याच्या घरात गेला त्याच्या वळणानं वागला. एका संकरात काढलेला नकाशा दुसऱ्या वाणाला जसाच्या तसा लावता येत नाही, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं.

म्हणूनच हैदराबादच्या ज्वारी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी एम ३५-१, म्हणजे आपली मालदांडी, थेट बी-३५ शी संकरित करून वेगळ्या ओळी तयार केल्या आणि हिरवेपणा, दाणा, कडबा यांचे नकाशे रब्बीच्या परिस्थितीत काढले. मालदांडी ही मोहोळला १९३० च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवडलेली. इतक्या वर्षांनंतरही तिला पूर्णपणे हटवणारं काही आलेलं नाही. टेक्सासचा नकाशा तिला लागू पडेलच असं गृहीत धरण्यापेक्षा, तिच्याच संकरात पुन्हा शोधणं शहाणपणाचं होतं.

एखादा अवघड गुण तोडून लहान गुणांत मोजला की नकाशा जास्त स्वच्छ येतो, हे खोडमाशीच्या कामात दिसलं. खोडमाशीची अळी कोवळ्या रोपाचा पोंगा, म्हणजे मधला न उलगडलेला कोंब, आतून खाते आणि तो वाळून पोंगेमर होते. रोप 'प्रतिकारक आहे की नाही' एवढंच मोजलं तर मोठा गोंधळ, कारण माशी कुठल्या वर्षी जास्त, कुठल्या वर्षी कमी. पण आयएस १८५५१ या प्रतिकारक ओळीच्या संकरात पानाची लकाकी आणि पानावरची सूक्ष्म लव वेगवेगळी मोजली. लकाकीची मोठी जागा पाचव्या गुणसूत्रावर निघाली, लवेची दहाव्यावर. लकाकी आणि लव माशी असली काय नसली काय, कधीही मोजता येते.

दोन वाणांचा संकर करण्याऐवजी जगभरच्या शेकडो वाणांचाच थेट नकाशा काढायचा, असाही मार्ग आहे. हजारो वर्षांच्या शेतीत त्यांच्या पूर्वजांमध्ये असंख्य अदलाबदली झालेल्या असतात, म्हणून तुकडे बारीक आणि पत्ता जास्त नेमका. २०१३ मध्ये ज्वारीच्या ९७१ वाणांवर सुमारे दोन लाख पासष्ट हजार मार्कर लावून असा अभ्यास झाला. यातला धोका नात्यागोत्याचा. दुर्रा गटातले वाण भारत आणि इथिओपियाच्या कोरड्या भागांतले, गिनी गटातले पश्चिम आफ्रिकेच्या पावसाळी भागांतले. दोघांत हजारो मार्कर वेगळे असणारच. नातं गणितानं वजा केलं नाही तर दुर्रा असल्याची प्रत्येक खूण दुष्काळाची खूण वाटू लागते.

जिथे परिणाम खरोखरच बारीक आणि असंख्य आहेत, तिथे काही पैदासकारांनी शोधच सोडला आहे. २००१ मध्ये म्यूविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी मांडलेली पद्धत अशी की कोणती जागा महत्त्वाची हे ठरवत बसू नका. सगळ्या मार्करांचे छोटे-मोठे परिणाम एकदम धरा, बेरीज करा आणि त्या बेरजेवरून रोप निवडा. दुभत्या गाईंच्या पैदाशीत ती आधी रुळली, आता पिकांत येते आहे. जनुक कोणतं ते कळत नाही, निवड मात्र होते. मला स्वतःला त्यात थोडं चुकचुकल्यासारखं होतं, पण उत्पादनासारख्या गुणासाठी तीच पद्धत जास्त व्यवहारी आहे.

महाराष्ट्रात रब्बी ज्वारीच्या वाणांची शिफारस जमिनीच्या खोलीनुसार केली जाते. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा किंवा मालदांडी, भारीला फुले वसुधा. हलक्या जमिनीत ओल लवकर संपते, तिथे लवकर पक्व होऊन निसटणं फायद्याचं. भारी जमिनीत खाली ओल असते, तिथे पाणी राखून ठेवणारं किंवा खोल मुळांचं झाड जिंकतं. 'दुष्काळ सहन करणं' हा एक गुण नसून जमिनीप्रमाणे बदलणारे दोन-तीन वेगळे गुण आहेत, हे शिफारस करणाऱ्यांनी गृहीतच धरलेलं असतं. एसटीजी तुकडे कोणत्या जमिनीत कामाला येतील आणि कुठे तोट्याचे ठरतील, हाही प्रश्न त्याच अंगानं बघायला हवा. फुटवे आणि पानं कमी करणारा तुकडा चांगला पाऊस झालेल्या वर्षी किंवा पाणी देऊन घेतलेल्या ज्वारीत नुकसानही करू शकतो.

आणि कडबा. पुणे, अहिल्यानगर, सोलापूर, बीडकडे ज्वारी निम्मी जनावरांसाठीच लावली जाते. कडब्याला भाव असला की दाण्याचं दुःख हलकं होतं. पानांचा पसारा घटवणारा गुण ऐकून शेतकऱ्याचा पहिला प्रश्न कडब्याबद्दलच असेल. तोही तपासला गेला. एस-३५ मध्ये एसटीजी तुकडे उतरवलेल्या ओळींचा कडबा २०१५ मध्ये प्रयोगशाळेत पारखला, तेव्हा काही तुकड्यांमुळे त्याची पचनीयता वाढलेली आढळली. पेंढीत पान किती यासोबत जनावराच्या अंगी त्यातलं किती लागतं, हेही आता मोजावं लागणार.